कृष्णाकांठचा मुका सोबती

साताऱ्याहून कऱ्हाडास जाणारे बहुतेक प्रवासी पुणें-बंगळूर महामार्गानें तासाभरांत तें सुमारें ५० किलोमीटरांचें अंतर कापतात आणि वाटेंत डावीउजवीकडे पाहत नाहींत. आम्हीं मात्र गेल्या पौषांत ही यात्रा सावकाश करावयाचें ठरविलें व प्रथम माहुलीचा संगम गांठला. साताऱ्याच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर वेण्णा कृष्णेस मिळते, तें हें क्षेत्र. येथील देवळें व घाट प्रसिद्धच आहेत. परंतु या पुण्यभूमींत एका कुत्र्याचीही समाधि आहे, हें पुष्कळांच्या गांवींही नसतें. थोरल्या शाहूमहाराजांचा खंड्या नांवाचा कुत्रा होता. शिकारींत वाघ अंगावर येत असतां त्यानें भुंकून महाराजांस सावध केलें, म्हणून महाराजांनीं त्यास पालखीचा मान दिला, अशी आख्यायिका आहे. स्वतः महाराज १७४९ सालीं निवर्तले. त्यांचीही समाधि याच माहुलीस आहे. धनी आणि चाकर एकाच नदीच्या कांठीं विसावले आहेत.

त्या दगडापुढें उभे असतां आमच्या मनांत एक विचार आला. कुत्र्यानें धन्याचा प्राण वांचविल्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ; पण कुत्र्याचा प्राण संकटांत असतां धन्यानें काय करावें, हें ठाऊक असलेलें घर शंभरांत एखादें सांपडेल. मुलाच्या ढोपराला खरचटलें तर काय करावें, हें घरांतील आजीपासून धाकट्या सुनेपर्यंत सर्वांस ठाऊक असतें. परंतु दाराशीं बांधलेला मोत्या एकाएकीं तोंडाला फेंस आणून आडवा झाला कीं तीच शहाणीं माणसें गोंधळतात. कोणी हळद आणतो, कोणी कांदा हुंगवितो, कोणी ‘आतां तो वांचत नाहीं’ म्हणून दूर सरतो. म्हणून या वेळच्या प्रवासवर्णनांत देवळांच्या जोडीला ही उपयुक्त माहितीही कृष्णेच्या कांठाकांठानें गोळा करावी, असें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या घरांत कुत्र्याचें स्थान मोठें विचित्र आहे. सोंवळ्याओंवळ्याच्या दृष्टीनें त्यास उंबरठ्याच्या आंत मज्जाव. परंतु वैश्वदेवाच्या बलिहरणांत त्याचा वांटा ठरलेला. याच कृष्णाकांठीं औदुंबर व नरसोबाची वाडी हीं दत्तस्थानें आहेत आणि चित्रांतील दत्तात्रेयांच्या पायांशीं चार श्वान बसलेले असतात. कऱ्हाड तालुक्यांतील पाल येथें तारळी नदीच्या कांठीं खंडोबाचें मोठें ठाणें आहे. पौषांतील यात्रेला तेथें भंडाऱ्यानें आकाश पिंवळें होतें. त्या देवाच्या संगतीलाही कुत्रा आहेच. आणि धर्मराजानें तर कुत्र्यावांचून स्वर्गाची पायरी चढण्याचें नाकारिलें. हल्लीं जुने वाडे जाऊन त्यांच्या जागीं सदनिका झाल्या, आणि ओटीवरचा कुत्रा दिवाणखान्यांत, कित्येक ठिकाणीं तर मुलांच्या अंथरुणांत आला. मान वाढला, त्याबरोबर जबाबदारीही वाढली, हें मात्र सर्वांच्या ध्यानीं आलेलें दिसत नाहीं.

कऱ्हाड हें फार प्राचीन नगर. करहाटक या नांवानें तें जुन्या लेखांत आढळतें, आणि कऱ्हाडे ब्राह्मणांचें नांव याच गांवावरून पडलें. जवळच आगाशिवाच्या डोंगरांत बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत. परंतु गांवाचें खरें वैभव म्हणजे प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना या दोघी महाबळेश्वराच्या एकाच पठारावर जन्म पावतात, निरनिराळ्या खोऱ्यांतून उतरतात, आणि येथें अगदीं समोरासमोर येऊन एकमेकींच्या गळ्यांत पडतात. नंतर एकरूप होऊन पूर्वेकडे वळतात. कांठावरच यशवंतराव चव्हाणांची समाधि आहे. संध्याकाळीं येथें सारें गांव फिरावयास येतें. वृद्ध मंडळी बांकांवर, मुलें वाळूंत, आणि हल्लीं बऱ्याच जणांच्या हातीं साखळी व साखळीच्या टोंकाशीं एखादा गुबगुबीत लॅब्रॅडोर किंवा सडपातळ मुधोळ कुत्रा. भटके कुत्रे तर घाटाचे पिढीजाद मालकच!

आम्ही गेलों तो काळ थंडीचा होता. परंतु याच घाटाचे दगड चैत्र-वैशाखांत तव्यासारखे तापतात. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. धापा टाकून तो आपली उष्णता बाहेर टाकतो. भर उन्हांत धांवविल्यास, किंवा कांचा लावलेल्या मोटारींत पांचदहा मिनिटें जरी कोंडल्यास, हा उपाय अपुरा पडतो. नाक चपटें असलेल्या पग जातीच्या कुत्र्यांस तर हा धोका अधिकच. धापा थांबेनाशा होतात, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक होतात, आणि पाय लटपटून तो कोसळतो. अशा वेळीं त्यास सावलींत न्यावें, अंगावर साधें गार पाणी ओतीत राहावें व वारा घालावा. बर्फ शोधण्यांत वेळ दवडूं नये. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवूं नये, कारण तो लौकरच ऊन होऊन आंतील उष्णता कोंडतो. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी चाटूं द्यावें. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी ओतूं नये. निरोगी कुत्र्याचें तपमान फॅरनहाइट मापानें १०१ ते १०२.५ अंश असतें, म्हणजे आपल्याहून कांहींसें अधिक. तें १०४ च्या वर चढलें कीं संकट समजावें, आणि पाणी ओततां ओततां १०३ वर उतरलें कीं थांबावें, नाहींपेक्षां तें प्रमाणाबाहेर उतरतें. नंतर कुत्रा हुशार दिसला तरी डॉक्टरांस दाखवावाच. उष्माघाताचा मूत्रपिंडावरील परिणाम दुसऱ्या दिवशींही उमटतो.

येथें निरोगी कुत्र्याचीं आणखी दोन लक्षणें सांगून ठेवूं. ओंठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी असावी, आणि बोटानें दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आंत पांढरेपणा जाऊन पूर्ववत् व्हावी. पांढरीफटक किंवा निळसर हिरडी म्हणजे धांवपळीची वेळ. दुसरें, स्वस्थ निजलेला कुत्रा मिनिटास सुमारें १० ते ३० श्वास घेतो. हीं मापें कुत्रा चांगला असतांनाच एकदां घेऊन ठेवावीं. निरोगी अवस्था ज्यानें पाहिली नाहीं, त्याला रोग ओळखतां येत नाहीं.

संगम जितका रम्य तितकाच भयंकरही होतो. २००५ व २०१९ या वर्षांच्या पुरांत कृष्णा-कोयनांनीं कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत जो हाहाकार उडविला, तो या भागांतील कोणाला विसरतां येणार नाहीं. त्या दिवसांत दावणीला बांधलेलीं जनावरें जागच्या जागीं बुडालीं. म्हणून पहिला नियम हा कीं, पाणी चढूं लागतांच जनावराची दोरी सोडावी. बुडालेला कुत्रा बाहेर काढल्यावर कांहीं क्षण त्याचें डोकें धडाहून खालीं धरावें, म्हणजे तोंडांतील पाणी निथळेल. मग उजव्या कुशीवर निजवावा. श्वास बंद असेल व हांकेला ओ नसेल, तर छातीवर दोन्ही हातांनीं मिनिटास १०० ते १२० या गतीनें दाब द्यावेत. छातीच्या रुंदीचा तिसरा हिस्सा दबेल इतका जोर असावा. दर ३० दाबांनंतर त्याचें तोंड मिटून नाकांतून दोन वेळां फुंकर घालावी. हें करीत असतांनाच दुसऱ्यानें गाडी काढावी.

कऱ्हाडच्या पूर्वेस नदी उसाच्या हिरव्या समुद्रांतून वाहते. रेठऱ्याच्या वाटेवर आमच्या आत्याबाईंचें शेत आहे. तेथें आम्ही दोन दिवस राहिलों. ऊंसतोड चालू होती. तोड सुरू झाली कीं उसांतले उंदीर, आणि उंदरांच्या मागें आलेले साप, आसरा सोडून बांधाकडे पळतात. तिसऱ्या प्रहरीं घरचा मोत्या पाल्यांत शिरला, एकदांच किंकाळला, आणि बाहेर आला तो पुढच्या पंज्यानें तोंड घांशीत. पाहतां पाहतां त्याचा ओंठ व गाल सुजून डोळा झांकला. एका गड्यानें घोणस जातांना पाहिली होती. क्षणांत दहा मतें निघालीं. एकानें गळ्याला दोरी बांधावयास सांगितली. दुसरा म्हणाला, ब्लेडनें चीर द्या. तिसरा मांत्रिकाकडे निघाला. ऐंशी वर्षांच्या आत्याबाई ओटीवरून उतरल्या आणि आपल्या मुलाला म्हणाल्या, “अरे, आधीं गाडी काढ. वाद घालायला रात्र पडली आहे. आणि त्याला चालवूं नकोस, घोंगडीवर घे.” काठी घेऊन सापामागें धांवणाऱ्या नातवाला त्यांनीं हात धरून मागें ओढलें. “एकाला चावला तेवढें पुरे,” इतकेंच त्या बोलल्या.

आत्याबाईंनीं केलें तेंच शास्त्रशुद्ध होतें. दोरी आवळल्यानें घोणसीचें विष एके जागीं कोंडून मांस अधिक कुजतें. चीर दिल्यानें रक्त थांबेनासें होतें, कारण हें विष रक्ताचें गोठणेंच बिघडवितें. चोखल्यानें कांहींच साधत नाहीं. गळपट्टा मात्र लगेच काढावा, कारण सूज मानेवर उतरते. नाग व मण्यार यांच्या विषानें सूज कमी असली तरी पापण्या जड होतात, मागचे पाय लुळे पडतात व श्वास मंदावतो. तेथें सूज नाहीं म्हणून निर्धास्त राहणें घातक. या सर्वांवर एकच उतारा, तो म्हणजे प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चार सापांवर चालणारें हें औषध घोड्यांच्या रक्तापासून तयार करितात. माणसांस देतात तेंच पशुवैद्य कुत्र्यासही देतात. गाडींत बसण्यापूर्वीं आमच्या आतेभावानें दूरध्वनि करून प्रतिविष शिल्लक आहे ना, हें विचारून घेतलें. ही विचारपूस अत्यंत महत्त्वाची. कारण तें प्रत्येक दवाखान्यांत असतेंच असें नाहीं. मोत्या तीन दिवस सलाइनवर होता. ओंठाचें थोडें कातडें झडलें; प्राण वांचला.

शेतांत सापाइतकेंच भय औषधांचें. पिकावर फवारलेलें कीटकनाशक अंगाला लागल्यास किंवा पोटांत गेल्यास कुत्र्याची लाळ गळूं लागते, बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतें. अंगाला लागलें असेल तर रबरी मोजे घालून साबणाच्या पाण्यानें धुवावा, व औषधाच्या बाटलीवरचा कागद पशुवैद्याकडे न्यावा, म्हणजे त्यास उतारा ठरवितां येतो. उंदरांसाठीं घातलेलें झिंक फॉस्फाइड पोटांतील अम्लाशीं मिसळून विषारी वायु सोडतें. असा कुत्रा मोटारींत ओकल्यास तो वायु माणसांसही बाधतो. यासाठीं कांचा उघड्या ठेवाव्या. दुसऱ्या एका जातीच्या उंदीरविषानें रक्त गोठेनासें होतें व लक्षणें तीनचार दिवसांनीं दिसतात. म्हणून ‘खाल्लें पण कांहीं झालें नाहीं’ या समजुतीवर विसंबूं नये. मिठाचें पाणी पाजून ओकारी काढण्याची आपल्याकडील रीत कुत्र्यास फार घातक आहे. ओकारी काढावी किंवा नाहीं, हें वैद्यासच ठरवूं द्यावें.

पुढें आम्ही सांगली जिल्ह्यांत तासगांवास गेलों. द्राक्षांच्या बागा आणि बेदाण्याचा व्यापार यांनीं हें गांव सर्वत्र गाजलें आहे. गोड बेदाणा मुठीनें खाणाऱ्या मुलांनीं दोन दाणे कुत्र्यासही द्यावे, यांत त्यांच्या प्रेमाखेरीज दुसरें कांहीं नसतें. परंतु द्राक्षें व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास विषासारखे आहेत. किती खाल्ल्यानें बाधेल याचें निश्चित प्रमाण नाहीं. एखाद्या कुत्र्यास पुष्कळ खाऊन कांहीं होत नाहीं, दुसऱ्यास थोडक्यांत मूत्रपिंड निकामी होतें. द्राक्षांतील टार्टारिक अम्ल याचें कारण असावें, असें मत २०२१ पासून पशुवैद्यांत पुढें आलें आहे. हेंच अम्ल आपल्या चिंचेंत भरपूर असतें. तेव्हां आमटी-सार कालवलेला उरलासुरला भात कुत्र्याच्या ताटलींत टाकण्यापूर्वीं गृहिणींनीं हें ध्यानांत घ्यावें. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजलेले, त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेटनें हृदयाची गति बिघडते. साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेल्या गोळ्यांनीं रक्तांतील साखर एकदम उतरून झटके येतात. आणि कणकण वाटली म्हणून आपल्या डब्यांतील पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन देणें हा तर उपचार नसून अपकार होय.

परतीच्या वाटेवर महामार्ग लागतो, आणि तेथें अपघात नित्याचेच. मोटारीखालीं सांपडलेला कुत्रा वेदनेनें आपल्या धन्यासही चावतो. तो त्याचा स्वभावदोष नव्हे. मऊ कापडाच्या पट्टीनें त्याचें तोंड नाकावरून फेरा घेऊन कानांमागें सैल गांठीनें बांधावें. मात्र तो ओकत असेल किंवा श्वासाला अडखळत असेल तर बांधूं नये. रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ कापडाची घडी ठेवून निदान पांच ते दहा मिनिटें घट्ट दाबावें, व मधून मधून उचलून पाहूं नये. कापड भिजलें तर त्यावर दुसरें ठेवावें. चुना, हळद, चहाची भुकटी कांहीं घालूं नये. हाड मोडल्याचा संशय आल्यास तें बसविण्याच्या भरीस न पडतां कुत्र्यास फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर सरकवून न्यावें. फेपरें आल्यास तोंडांत चमचा किंवा बोट न घालतां भोंवतालच्या वस्तु दूर कराव्या व किती मिनिटें चाललें तें घड्याळांत पाहावें. पांच मिनिटांहून अधिक टिकल्यास तांतडीनें हलवावा.

आतां अखेरची आणि सर्वांत गंभीर गोष्ट. कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, घांस गिळवत नाहीं; घरची मंडळी समजतात, घशांत हाड अडकलें, आणि कोणी तरी कनवाळू माणूस त्याच्या तोंडांत हात घालतो. हीच लक्षणें पिसाळण्याचींही आहेत. ज्या कुत्र्यास नियमित लस दिलेली नाहीं, त्याच्या तोंडांत हात घालण्याचें धाडस कोणीं करूं नये. हाड खरोखर अडकलेला कुत्रा पंज्यानें तोंड ओरबाडतो व एकाएकीं घाबरा होतो. पिसाळलेल्याचा स्वभाव आधीं कांहीं दिवस पालटलेला असतो. पण हा भेद घरच्या घरीं करीत बसूं नये.

६ जुलै १८८५ रोजीं पाश्चर यानें एका नऊ वर्षांच्या मुलास पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर पहिली लस टोंचली, आणि १९०० सालीं कसौली येथें या कामासाठीं हिंदुस्थानांतील पहिली संस्था निघाली. इतकीं वर्षें होऊनही या रोगानें माणसें मरतात, तीं औषध नाहीं म्हणून नव्हे, तर वेळ दवडिल्यामुळें. लक्षणें उमटल्यावर बहुधा कांहीं चालत नाहीं. म्हणून चावा किंवा ओरखडा, तो घरच्या कुत्र्याचा असो वा भटक्याचा, आधीं वाहत्या पाण्याखालीं साबण लावून पंधरा मिनिटें धुवावा. डाग देऊं नये, मिरची किंवा तेल लावूं नये. नंतर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. स्नायूंत टोंचावयाची लस त्या दिवशीं, आणि पुढें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं देतात. पोटांतल्या चौदा सुयांची भीति आतां उरली नाहीं. जखम खोल असल्यास तिच्याभोंवतीं आणखी एक प्रतिरोधक औषध टोंचावें लागतें, तें मागून घ्यावें. एकत्र कुटुंबांत लहान मूल रागे भरतील म्हणून ओरखडा लपवितें. मुलांस आधींच सांगून ठेवावें कीं, या एका बाबतींत त्यांस कोणी बोलणार नाहीं. कुत्र्यास स्वतःला तीन महिन्यांचा झाल्यावर पहिली लस द्यावी व पुढें वैद्याच्या सल्ल्यानें ती चालू ठेवावी. पिल्लास पार्व्हो रोगाचीही लस द्यावी. रक्ताची हगवण व ओकाऱ्या लागलेलें पिल्लूं एका रात्रींत हातचें जातें.

या सर्वांची तयारी मोठी खर्चाची नाहीं. ओटीवरच्या फडताळांत एक डबा ठेवावा. त्यांत थर्मामीटर, कापसाची गुंडाळी, पट्ट्या, स्वच्छ कापडाच्या घड्या, बोथट टोंकाची कात्री, रबरी मोजे व तोंड बांधण्याची पट्टी एवढें पुरे. भिंतीवरील कॅलेंडरच्या पाठीमागें जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक, रात्रीं उघडा असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक व शासनाच्या पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, म्हणजे चष्मा न सांपडलेल्या आजोबांनाही तो वाचतां येईल. मुंबईस १८८६ मध्यें पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें, आणि आतां सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथेंही तें आहे. शिकलेले वैद्य गांवोगांव बसले आहेत. त्यांच्या दारापर्यंत जनावर जिवंत पोंचविणें, एवढेंच काम घरच्या माणसांचें आहे. या अंकाचें वाचन संपल्यावर आमच्या वाचकांनीं निदान तो क्रमांक शोधून आजच लिहून ठेवावा, आणि रेठऱ्याच्या आत्याबाईंचें वाक्य त्याखालीं जोडावें: आधीं गाडी काढ.